साहेबांची पापणी

फोटो बिघडतो तो काढणाऱ्याच्या आळसामुळे, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे त्या बुधवारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत होतं.

मी हिशेबनीस. नोकरी वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत. त्यामुळे अंदाजपंचे काम मला खपत नाही, आणि फोटोही मी तसाच काढतो. कॅमेरा वायरनं कॉम्प्युटरला जोडायचा, कीबोर्डवरची लांब आडवी पट्टी दाबायची, की फोटो थेट मोठ्या स्क्रीनवर! नाकावरचा तीळसुद्धा ताडून घ्या. माझ्या बायकोच्या मते या सगळ्या सरंजामातून आजवर खिडकीचे पडदे, दोन बादल्या आणि झोपलेल्या सासूबाई एवढंच निघालं आहे. पण काय स्पष्ट निघालं आहे!

अशा वेळी साहेबांच्या फोटोचा प्रश्न आला. कंपनीला पंचवीस वर्षं होत होती, पुस्तिका निघायची होती, आणि पहिल्या पानावर साहेब हवे होते. अडचण एकच. फोटो काढताना साहेबांचे डोळे मिटतात. नव्या इमारतीच्या फोटोत ते गाढ झोपेत फीत कापताना दिसतात. त्यांच्या ओळखपत्राकडे पाहून दारावरच्या नव्या रखवालदारानं टोपी काढून हळू आवाजात विचारलं होतं, “कधी गेले?” दोन फोटोवाले येऊन, शिव्या खाऊन परत गेले होते.

मी म्हटलं, मी काढतो.

यात कलेचं प्रेम थोडं आणि भीती जास्त होती. माझी बदली होणार अशी कुजबुज होती. आमचं एक कोठार आहे, रात्रभराच्या प्रवासावर. तिथं मोडके काटे ठेवतात आणि त्यांच्याकडे बघत बसायला एक माणूस ठेवतात. आधीचा माणूस वर्षभरात काट्यांना अहो-जाहो करू लागला होता. बायकोची नोकरी इथं, मुलीची शाळा इथं, सासूबाईंचे गुडघे आणि त्या गुडघ्यांचा डॉक्टर इथं. फोटो झकास आला, साहेब खूश झाले, की तेवढ्यात बदलीचा विषय सरकवायचा, असा माझा बेत होता.

साहेबांनी अट घातली. कुणी बघत असलं की त्यांना अवघडतं, तेव्हा केबिनमध्ये ते एकटेच बसणार. मला तर हेच हवं होतं. आत कॅमेरा आणि फ्लॅश उभे केले, वायर दाराखालून बाहेर घेतली आणि बाहेरच्या एकुलत्या एका टेबलावर माझा कॉम्प्युटर मांडला. ते टेबल आवक-जावक बाईंचं. बाई जेवायला गेल्या होत्या. त्यांचा कॉम्प्युटर मी हलक्या हातानं कडेला केला आणि कीबोर्ड कपाटावर ठेवला.

दार लावण्याआधी साहेबांना समजावलं, की लाईट चमकला म्हणजे फोटो निघाला. हसतमुख राहायचं. चमकतोय तोवर हलायचं नाही. साहेबांनी मान डोलावली. आख्खी कंपनी ज्यांना घाबरते ते साहेब खुर्चीत शाळकरी मुलासारखे ताठ बसले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिला फोटो स्क्रीनवर आला. डोळे मिटलेले. ते अपेक्षितच होतं. पण कपाळ! त्या कपाळावर छताचा पंखा पात्यांसकट दिसत होता. पावडर लावायला हवी. आत जाऊन साहेबांना ‘तुम्ही चकाकताय’ असं सांगायची माझी छाती नव्हती. समोरच्या दुकानातून पावडर आणावी, मग काहीतरी निमित्त काढून कपाळावर टेकवावी, दोन मिनिटांचं तर काम, असा विचार करून मी पळालो. जातो म्हणून सांगायलाही थांबलो नाही.

दुकानात माझ्यापुढे एक गृहस्थ साबणांचे वास घेऊन बघत होते. त्यांनी दुकानातले सगळे वास संपवले आणि पहिलाच साबण घेतला.

परत धावत जिना चढलो, त्या नादात डबीचं झाकण उडालं आणि अर्धी पावडर माझ्याच तोंडावर आली. वर पोचलो. साहेबांच्या दारावरच्या काचेतून प्रकाशाचे लोळ बाहेर पडत होते. आत कुणी लोखंडी फाटक वेल्डिंग करत बसावं तसे!

आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर आवक-जावक बाई. टाईप करत होत्या.

बाईंबद्दल एक सांगायला हवं. त्या जुन्या टाईपरायटरवर शिकलेल्या. स्क्रीनकडे बघत टाईप करणाऱ्या माणसाला त्या अर्धशिक्षित समजतात. नजर डाव्या हाताच्या कागदावर, पाठ सरळ, बोटं आपोआप. टेबलावर स्क्रीन आहे, कीबोर्ड आहे, एवढं चाचपलं की झालं. कुणाचा आहे ते बघणं त्यांच्या कामात बसत नाही. आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडायला माणूस जी लांब आडवी पट्टी दाबतो, त्याच पट्टीवर माझा कॅमेरा चालतो. बाईंचा एक शब्द झाला की आत साहेबांच्या डोळ्यांत एक फ्लॅश!

“बाई, थांबा,” मी म्हटलं.

“ओळ पुरी होऊ द्या,” त्या मान न वळवता म्हणाल्या. आत आणखी आठदहा वेळा वीज कोसळली. “आणि त्या शिपायाला सांगा, ही ट्यूब बदल म्हणावं. मघापासून नुसती लुकलुकतेय.”

ओळ पुरी झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“भाऊ, तुम्हाला कळलंच वाटतं. किती पांढरे पडलात हो!”

“काय कळलं?”

त्यांनी डावीकडचा कागद उलटा करायचा प्रयत्न केला, पण हिशेबनिसाची नजर कागदावर आधी पोचते. साहेबांच्या अक्षरातला मसुदा होता. माझं नाव, माझा हुद्दा, आणि खाली त्या कोठाराचा पत्ता. म्हणजे आत साहेबांवर इतका वेळ कोसळत होता तो माझ्या बदलीचा हुकूम होता. शब्दागणिक.

“मला वाईट वाटतं, भाऊ,” बाई म्हणाल्या, “पण दिलं की टाईप करावं लागतं. आता फक्त छापायचं राहिलंय.” असं म्हणून छापण्यासाठी त्यांनी पहिल्यांदाच स्क्रीनकडे पाहिलं.

स्क्रीनवर हुकुमाचं एक अक्षर नव्हतं. साहेब होते. शेकड्यानं साहेब. वरच्या रांगेत हसणारे साहेब, मग दात दाखवणारे साहेब, मग गालांवरून पाण्याच्या धारा वाहत असताना हसणारे साहेब. आणि सगळ्यांचे डोळे घट्ट मिटलेले.

एक सोडून.

बाईंनी मध्येच कुठेतरी कागद उलटला असावा. तेवढ्या उसंतीत साहेबांनी, संपलं का बघायला, डोळे उघडले होते आणि त्याच क्षणी पुढचा शब्द आला होता. टपोरे, ओलसर, जरा घाबरलेले डोळे. इतका चांगला माणूस त्या केबिनमध्ये बसतो हे मला ठाऊकच नव्हतं.

बाईंनीही तो फोटो पाहिला. मी बाईंकडे पाहिलं. इतक्यात दाराची मूठ फिरली आणि मी, का ते विचारू नका, तो फोटो उचलून सासूबाईंच्या फोटोंमध्ये टाकला.

साहेब भिंत धरत बाहेर आले. डोळ्यांतून पाणी, तोंडावर ते हसू तसंच अडकलेलं. माझ्या शेजारच्या लोखंडी कपाटापाशी जाऊन त्यांनी कपाटाच्या खांद्यावर हात ठेवला.

“हिशेबनीस,” ते कपाटाला म्हणाले, “तुम्ही जिद्दीचे आहात. आधीच्या दोघांनी तीन-चार काढले आणि हात टेकले. तुमच्यासारखी मेहनत माझ्यावर कुणी घेतली नाही.”

“मी इकडे आहे, साहेब.”

“बरं. दाखवा.”

नाक स्क्रीनला टेकवून ते एकेक फोटो बघत गेले. दिसत काय होतं देव जाणे, पण मिटलेले डोळे त्यांना ओळखीचे होते. शेवटी लहान आवाजात त्यांनी विचारलं, “एकही नाही?”

आयुष्यभर खरे आकडे लिहिलेला माणूस मी. खोटं बोलण्याऐवजी मी तोंडावरची पावडर पुसू लागलो.

“एकही नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “मी स्वतः पाहिलेत.” चुकीच्या यंत्रावर टाईप केल्याचं त्यांनाही कुठं सांगायचं नव्हतंच.

साहेबांनी स्क्रीनवरून नाक काढलं. मग वळून, या वेळी बरोबर माझ्याकडे बघत, त्यांनी फर्मावलं, “माझा फोटो नीट येईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही.”

“आणि ते पत्र, साहेब?” बाईंनी हळूच विचारलं.

“आधी फोटो. पत्र मग बघू.”

तेव्हापासून दर बुधवारी आमची बैठक असते. साहेब आत बसतात, मी बाहेर, कॅमेऱ्यातून स्क्रीनवर दिसणाऱ्या साहेबांवर नजर आणि पट्टीवर बोट ठेवून घाम पुसत असतो. पापणी मिटण्याआधी साहेबांची डावी भुवई किंचित उडते, हे मी आता अचूक ओळखतो. भुवई उडाली की पट्टी दाबायची. आजवर एकदाही चुकलेलो नाही. फोटो दर वेळी बिघडतो आणि त्यात आळस मुळीच नसतो! पुस्तिकेचा छापखानेवाला मात्र हल्ली माझा फोन उचलत नाही.

काल साहेबांचा ड्रायव्हर भेटला. सांगत होता, की साहेब गाडीत आरशासमोर डोळे ताणून बसतात. सिग्नलला सुरुवात करतात, आणि आता दुसरा सिग्नल येईपर्यंत पापणी हलत नाही.

रात्री बायकोनं विचारलं, आता सगळं निवळलंय, तर बदलीसाठी काढलेल्या ट्रंका माळ्यावर परत टाकूया का?

म्हटलं, एक राहू दे खालीच.