गीतकाराचं नाव घेण्याची पद्धत

चित्रपटाच्या गाण्यात चाल आणि शब्द यांचा दर्जा समान असतो. हा नियम इतका पक्का आहे की तो मोडल्याची एकही तक्रार आजवर चाल बांधणाऱ्याकडून आलेली नाही.

सुरतेत हा नियम १९९३ साली तपासून पाहण्यात आला. संगीतकार होते निंबा लक्ष्मण सोनवणे आणि गीतकार धुडकू सुकलाल बोरसे. दोघेही धुळ्याकडचे, दोघेही गोडादऱ्यात राहणारे आणि एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग चालवणारे. निंबा मास्तर लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. गीतकारांना सगळे नुसतं 'कवी' म्हणत (वापरलं नाही की नाव झिजत नाही).

दोघांची कामाची रीत सोपी होती. मास्तर मागाच्या खडखडाटावर चाल गुणगुणत आणि कवी त्यात शब्द बसवत. मास्तरांच्या सगळ्या चाली एकाच लयीत आहेत याला जाणकार 'शैली' म्हणाले. (खात्यात तिला 'मशीन' म्हणत.)

चित्रपट अहिराणी होता. आधी गाणी आणि मग चित्रपट, या शिस्तीप्रमाणे गाणी झाली. तेवढ्यात नायक इच्छापोरच्या कारखान्यात कायम झाला. त्याला रजा मिळाली की चित्रीकरण सुरू होणार होतं. ती अजून मिळायची आहे.

कॅसेट मात्र निघाली. तिच्यातलं 'पदर मना वारा लई गया' हे गाणं गाजलं. कॅसेटच्या कव्हरवर नायक होता, क्लॅरिनेटसकट मास्तर होते आणि खर्च करणाऱ्या शेठच्या साडीच्या दुकानाचा पत्ता होता. गीतकाराच्या नावाला एक ओळ राखून ठेवली होती. पण छापायच्या आठवड्यातच शेठच्या दुकानात दुसरा फोन बसला. नंबर छापणं भाग होतं. नावाला कुणी फोन करत नाही.

कवींनी मान डोलावली. डोलावली नाही ती त्यांच्या बायकोने, सरलाबाईंनी. त्यांना एवढंच हवं होतं की गाण्याबरोबर नवऱ्याचं नाव एकदा चारचौघांत उच्चारलं जावं. मास्तरांचं उच्चारलं जातंच की. अडचण एकच होती. ते नाव उच्चारण्यात ज्यांना रस होता अशा सुरतेत त्या एकट्याच, आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घेणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

"वहिनी, हाई गानं कोनी लिखं व?" शेजारच्या उषाबाई विचारत.

"आमना ह्यासनी."

"ह्या म्हणजे कोन?"

"ह्याच. दुसरं कोन?"

"मास्तरनी लिखं व्हई," उषाबाई निकाल देत आणि पुढच्या घरी तो पोचवत.

दरम्यान गाण्याची भरभराट चालू होती. ९४ च्या लग्नसराईत ते एकशे बारा वरातींत वाजलं. त्यांपैकी शब्द ऐकू आले अशा वराती शून्य, कारण क्लॅरिनेटला शब्द म्हणता येत नाहीत. शब्दांवर अन्याय झाला असं मात्र नाही. पर्वत पाटियाच्या बाजारात चालत्या गाण्याचं नाव साडीला देतात. लेबलवर पूर्ण ओळ मावेना म्हणून 'लई गया' एवढंच घेतलं. पहिला माल संपला तेव्हा 'लई गया नंबर दोन' आली, मग 'नंबर तीन'. सरलाबाई घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करत. म्हणजे नवऱ्याचं काव्य गठ्ठ्याने घरी येई आणि त्या त्याला टिकल्या लावून परत पाठवत. काव्याची एवढी सेवा दुसऱ्या कुठल्या कवीच्या घरी झाल्याची नोंद नाही.

शेवटी मार्ग निघाला, आणि तोही रीतीतूनच. नवऱ्याचं नाव एरवी घेऊ नये. पण उखाण्यात घेतलंच पाहिजे. मास्तरांच्या मुलीच्या, नूतनच्या लग्नात बायकांनी आग्रह धरला तेव्हा सरलाबाईंनी माइक मागून घेतला. चारशे माणसं होती. कवी पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. उखाणा सरलाबाईंनी टिकल्या लावता लावता महिनाभर घोटला होता.

"पदर लई गया वारा, गानं ऐकस सारं गाव,
ज्यासनी लिखं ते गानं, लेस मी त्यासनं नाव..."

इथे त्या थांबल्या. तेवीस वर्षांत ते नाव जिभेवर आलं नव्हतं. जीभ वळायला क्षणभर लागला. मास्तर मुलीच्या लग्नातही क्लॅरिनेट घेऊनच उभे होते. उखाणा संपला असं त्यांना वाटलं, डोळे भरून आले आणि मित्राच्या सन्मानार्थ त्यांनी मित्राचंच गाणं सुरू केलं. पूर्ण बँडसह.

सरलाबाईंनी नाव घेतलं. ओठ हलताना चारशे माणसांनी पाहिले.

"काय म्हणली व?" मंदाबाईंनी विचारलं.

"मास्तरनं नाव लिधं," उषाबाई म्हणाल्या.

घरी येताना कवी म्हणाले, "मले ऐकू उनं."

"खोटं," सरलाबाई म्हणाल्या.

वाचकांनी बँडवर रागावू नये. हा मजकूर वाचून कुणालाही संगीतकाराचं नाव न अडखळता सांगता येईल, साडीचा नंबरही. गीतकाराचं नाव दुसऱ्या परिच्छेदात बापाच्या नावासकट छापलेलं आहे, आणि त्यासाठी कुणाचाही फोन नंबर वगळावा लागलेला नाही. मागे न पाहता ते आठवत असेल तर गोडादऱ्यात येऊन सरलाबाईंना सांगावं. त्यांना ते अजून कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं आहे. आठवत नसेल तर 'कवी' म्हणावं. सगळे तेच म्हणतात.