हिरव्या पक्षाचे गजभिये काका

आमच्या शेजारचे गजभिये काका भेळवाल्याला बजावून सांगतात, "तिखट कितीही घाल, पण लाल चटणी नको." डॉक्टरांनी मनाई केलेली नाही. संगणकात चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड असतं ना, ते बनवणाऱ्या दोन कंपन्यांचं हाडवैर आहे. एकीचा रंग हिरवा, दुसरीचा लाल. काका हिरव्यांचे. त्यामुळे बिबवेवाडीतल्या त्यांच्या घरात कोशिंबिरीलाही कच्चा टोमॅटो लागतो.

काका बांधकाम खात्यात आरेखक होते. पुलांचे नकाशे काढण्यात सगळी नोकरी सरली, आणि "आकडा चुकला की माणूस चुकला" हे वाक्य पेन्शनबरोबर घरी आलं. वाण्याची बेरीज, पत्रिकेतला मुहूर्त, गॅलरीच्या कठड्याची उंची, काहीही ते सोडत नाहीत. एकदा माझ्या मुलीचं वय त्यांनी माझ्यादेखत दुरुस्त केलं. घरी येऊन हिशेब केला तर त्यांचंच बरोबर.

नवं कार्ड बाजारात येणार असलं की काका इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसतात. तिकडे कंपनीचा साहेब कार्ड हातात धरून मिरवतो, इकडे काका मुलीकडच्या माणसासारखे ते निरखत राहतात. बरं, ते गेम खेळत नाहीत. एवढ्या महागड्या कार्डावर ते पत्ते लावतात. विचारलं तर म्हणतात, "ताकद वापरायची नसते, असावी लागते."

त्यांच्या शेजारी दुसरी एक खुर्ची असते. तिच्यावर कोणी बसायचं नाही. मला स्टूल मिळतं.

ती खुर्ची कुंजीरांची. कुंजीर मूळचे लोणी काळभोरचे, काकांच्याच कचेरीतले, आणि आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायचे. पक्के लाल. कोणत्याही कंपनीचं कार्ड येवो, हे दोघे मध्ये भडंगाची परात ठेवून भांडायचे. "गज्या, तुझं कार्ड हाय का इस्त्री? पापड भाजून निघंल त्याच्यावर." "आणि तुझं? सुरू झालं की वाटतं गिरणी लागली." शेवटी परात रिकामी व्हायची आणि कुंजीर उठताना म्हणायचे, "पुढच्या येळंला दावतो तुला."

मग ती नाणी आली. हातात न येणारी, डोळ्यांना न दिसणारी, संगणकाला रात्रंदिवस गणितं घालून मिळवायची. त्यासाठी लोकांनी कार्डं पोत्यानं उचलली आणि दुकानं ओस पडली. नेमकं तेव्हाच काकांचं जुनं कार्ड गेलं. ते रोज दुकानात जाऊन उभे राहायचे. दुकानदार पुण्याचाच. म्हणाला, "वाट बघायला आमची हरकत नाही. फक्त बाहेर उभं राहून बघा."

अखेर त्या दुकानात एक हिरवं कार्ड आलं आणि ते कुंजीरांनी नेलं. गावाकडची पोल्ट्रीची शेड रिकामी पडली होती, तिथे नाणी मिळवायचा त्यांचा बेत होता. लाल माणसानं हिरवं कार्ड घ्यावं आणि कोंबड्यांच्या जागी मांडावं, हे काकांना सोसलं नाही. खाली पार्किंगमध्ये चारचौघांत ते म्हणाले, "कोंबड्या बऱ्या होत्या. निदान इमान राखून अंडी द्यायच्या."

कुंजीर एवढंच म्हणाले, "बरं, गजभिये साहेब." आणि थोड्या दिवसांनी बिऱ्हाड घेऊन लोणीला गेले.

पुढे नाण्यांचा भाव पडला, दुकानं कार्डांनी भरली, काकांनाही हवं ते मिळालं. पण भडंगाची परात पुन्हा बाहेर आली नाही.

परवा लाल कंपनीचं नवं कार्ड आलं. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. पडद्यावर कार्ड गार ठेवणारे तीन पंखे फिरत होते आणि खाली ठसठशीत आकडा होता, मेमरी सोळा जीबी. काकांनी फोन घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "लालवाल्यांच्या नव्या कार्डाला मेमरी फक्त आठ जीबी. नोंद घ्यावी."

काकांची चूक सापडण्याची मी कित्येक वर्षं वाट पाहत होते. ताबडतोब खाली लिहिलं, "काका, सोळा."

काका रागावले की पुण्याचं पाणी उतरतं आणि नागपूर वर येतं. "तुमाले कोनं सांगितलं मंधात बोलाले?"

मी चपापले. मग काका शांतपणे म्हणाले, "सोसायटी सोडली कुंजीरानं, ग्रुप नाही सोडला. मी लिहिलेलं सगळं तो वाचतो, दिसतं मला. लाल कार्डाबद्दल असं वाचून तो गप्प कसा बसेल?"

"मग सरळ फोन करा ना."

"काय बोलू? मला त्याच्याशी फक्त भांडता येतं. माफी मागितली तर म्हणेल, असू द्या, गजभिये साहेब." त्यांचा आवाज खाली आला. "गज्या म्हणणारा तेवढाच एक होता हो."

मी माझा निरोप पुसून टाकला. आम्ही फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळानं वरती अक्षरं उमटली, 'कुंजीर लिहीत आहेत'. काका खुर्चीत पुढे सरकले. अक्षरं तशीच राहिली, आणि मग गेली. निरोप काही आला नाही.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत चढवला. "चूक लहान पडली," म्हणाले, आणि आयुष्यभर कठड्याची उंची मोजणाऱ्या त्या माणसानं एकेक अक्षर जपून टाइप केलं, "शिवाय या कार्डाला पंखाच नाही. नोंद घ्यावी."

मग त्यांनी फोन दोन खुर्च्यांच्या मध्ये, जिथे परात असायची तिथे ठेवला. "एवढं त्याला सोसणार नाही," ते म्हणाले, आणि भडंग आहे का ते बघायला स्वयंपाकघरात गेले.