परब बंदूक निवडत होता

परबाबद्दल बोलायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. कुवेतमधल्या मराठी घरांत कोणी त्याचं नाव काढलं की मी पाणी प्यायला उठायचो.

गेल्या महिन्यात एका बारशाला गेलो होतो. तिथे एका तरुण इंजिनिअरने 'बंदूकवाल्या परबा'ची गोष्ट रंगवून सांगितली. त्याने परबाला कधी पाहिलंही नव्हतं. त्याच्या गोष्टीत परबाच्या घरी बंदूक सापडली, हातभट्टीची दारू सापडली आणि त्याला बेड्या घालून विमानात बसवलं. सगळे हसले. मीही हसलो. माझं वय चौऱ्याहत्तर. मुलीकडे, कुवेतमधल्याच जाब्रियाला राहतो. परत येताना गाडीत वाटलं, खरं काय घडलं ते माहीत असलेला इथे मी एकटाच उरलोय, आणि तोही हसतोय.

तर आधी परब कसा होता ते सांगतो.

दर शुक्रवारी सकाळी, आमच्या फिंतासच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, परब उजव्या हाताची मधली तीन बोटं रुमालाने घट्ट बांधून घ्यायचा आणि नसलेली बंदूक भरायचा. एसीच्या पाण्याचा प्लास्टिकचा पाईप ही नळी. पडद्याची दांडी हा गज. दारू म्हणून चहाची पूड. डाव्या हाताने पूड मोजून नळीत ओतायची, वरून कागदाची गोळी, मग दांडीने ठासायचं. मोबाइलवर वेळ लावलेली असायची. "चव्वेचाळीस सेकंद," तो स्वतःशीच म्हणायचा, वहीत लिहायचा आणि ती पूड परत डब्यात ओतायचा. नऊ वर्षं मी पाईपच्या वासाचा चहा प्यालो.

परब देवगडकडचा. शुऐब्याच्या प्लांटमध्ये तो कंप्रेसरवर आणि मी इन्स्ट्रुमेंटला. माझी बायको आणि मुलगी नाशिकला, परबाचं लग्नच झालेलं नव्हतं. का नाही केलंस, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "आधी बंदूक होऊंदे."

कोकणात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक असते. तोंडाकडून दारू भरायची, गोळी किंवा छर्रे घालायचे, गजाने ठासायचं आणि मागे ठिणगी पाडणारी केप लावून चाप ओढायचा. परबाच्या घरी वडिलांच्या नावावर तशी एक होती. पण त्याचा जीव जडला होता तो तिच्या अमेरिकेतल्या नव्या बहिणींवर. त्याही तोंडाकडूनच भरायच्या, पण नळीच्या आत पीळ कापलेला, केप अगदी सरळ रेषेत मागे, मागचं बूच आटे फिरवून काढता येणारं, वर दुर्बीण. तिकडे हरणांच्या शिकारीचा त्यांच्यासाठी म्हणे वेगळा हंगामच असतो. या बंदुकांचं सगळं वाङ्मय परबाने छापून घेऊन फायलींत लावलं होतं.

मी एकदा त्याला हिशेब मांडून दाखवला. "परबा, आपल्याकडे शिकारीला बंदी. ही बंदूक तिकडून आणायला परवाना मिळणार नाही. आणि इथे तर आपल्याला साधी छऱ्याची बंदूकसुद्धा ठेवता येत नाही. मग घेणार कुठे?"

परबाने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "घेता कोण? मी निवडतंय."

हे निवडणं मी त्या फ्लॅटवर राहायला गेलो त्याच्या आधीपासून चालू होतं. शेवटच्या फेरीत चार बंदुका होत्या आणि त्या फेरीतून कोणी बाहेरही पडत नव्हतं, कोणी जिंकतही नव्हतं. "हिचा बूच नुसत्या हातान सुटना नाय." "ही नळीकडे जड." "हिचो घोडो अंगठ्यान मागे ओढूचो लागता, तां नको." कधी एखादीला पसंत केलंच, तर पुढच्या आठवड्यात पहिल्या बंदुकीत एखादा गुण सापडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

बंदूक नसताना तिचा नेम साधण्याचं काम तर त्याहून थोर. इंटरनेटवर त्याला अमेरिकेतला एक म्हातारा शिकारी भेटला होता. त्या चारांतली एक बंदूक म्हाताऱ्याकडे होती आणि तिच्या गोळ्या कागदावर विखरून पडत. परबाने ती दुरुस्ती अंगावर घेतली. हा कुवेतमधून लिहायचा, तो तिकडे शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडायचा आणि भोकं पडलेल्या कागदाचा फोटो पाठवायचा. दारू पाच ग्रेन कमी; ग्रेन म्हणजे बंदुकीची दारू तोलायचं बारीकसं माप. पुन्हा तीन गोळ्या. दारू तीच, गोळी वेगळी. पुन्हा तीन. प्रत्येक गोळीनंतर नळी पुसायची की नाही, यावर त्यांचा एक अख्खा हिवाळा गेला. सुरुवातीला तळहाताएवढ्या जागेत पडणारी भोकं शेवटी रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाऊ लागली. ते कागद परबाने आमच्या फ्रिजवर लावले होते. पाहुण्यांना ते कोणाचे तरी तपासणीचे रिपोर्ट वाटायचे आणि ते हळू आवाजात विचारायचे, "कोणाला काय झालंय?"

"एका टायमाक एकच गोष्ट बदलूची," हा परबाचा मंत्र. एकदा आमटी खारट झाली. मी तीत बटाटा टाकला आणि लिंबूही पिळलं. परब जेवला नाही. "आता कशान सुधारली तां कळतला कसा?" प्लांटमध्ये एक कंप्रेसर थरथरायला लागला, तेव्हा बाकीचे एका दिवसात चार गोष्टी बदलून मोकळे झाले आणि तो थरथरतच राहिला. परबाने एकेक करत आठ दिवस घेतले आणि मशीन गप्प केलं. साहेबांनी शाबासकी दिली नाही; आठ दिवस का लागले ते विचारलं.

गणपतीत एका घरी आरती संपली आणि परबाला गावाहून भावाचा फोन आला. कंप्रेसरवाल्यांचा एक कान कंपनीकडेच जमा असतो, त्यामुळे परब फोनवर ओरडून बोलायचा. "दारू पाच ग्रेन कमी केलंय! जास्त दारू म्हणजे जास्त मजा असां नसता रे!" दारूबंदीच्या कुवेतमध्ये, भर गणपतीत. घरच्या वहिनी त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "परब भावजी, घरात लहान मुलं आहेत हो." पुढे वर्षभर दोन गृहस्थ त्याला कोपऱ्यात गाठून दबक्या आवाजात विचारत होते, मिळेल का म्हणून. परब आयुष्यात सोड्याच्या पलीकडे गेला नव्हता.

इथपर्यंतचं सांगताना मला काही त्रास होत नाही. पुढचं सांगतो.

बाजारात हिंडून त्याने एक पितळी सळी आणली होती. खराखुरा गज. त्याचं टोक गोळीच्या नाकावर अचूक बसायला हवं, नाहीतर गोळी वाकडी ठासली जाते, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या टोकाला वाटीएवढी मूठ हवी, नुसत्या तळव्याने दाबता येईल अशी. वर्कशॉपमधल्या लेथवाल्या उस्तादांनी ते करून द्यायचं कबूल केलं होतं. रविवारी सकाळी परब ती सळी, वही आणि फ्रिजवरचे कागद पिशवीत घालून बसमध्ये बसला.

गेटवर रांग होती. परब पुढे, मध्ये चार-पाच जण, मग मी. त्याला एवढ्या थाटात निघालेला पाहून मला राहवलं नाही. मी मोठ्यांदा ओरडलो, "काय परबा, आज बंदूक घेऊन आलास की काय?"

आमच्यातले दोघे-तिघे हसले. परबाला ऐकूच गेलं नाही. ऐकू गेलं ते गेटवरच्या नव्या पहारेकऱ्याला. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. पण माझ्या वाक्यातला एक शब्द असा होता, जो अरबीतही जवळजवळ तसाच आहे. इतकी वर्षं या देशात काढून मला ते ठाऊक होतं. थट्टा करताना आठवलं नाही, एवढंच.

तो माझ्याजवळ आला. "बुंदुगिया? यू से बुंदुगिया?"

त्याच आठवड्यात बायकोचा आणि मुलीचा व्हिसा मंजूर झाला होता. सहा वर्षं मी त्यासाठी खेटे घातले होते. मी म्हणालो, "नो, नो. आय सेड नथिंग."

मग त्याने पुढे जाऊन परबाची पिशवी उघडायला लावली. "शिनू हाधा?" हे काय, म्हणून त्याने विचारलं. सळी निघाली. नळीच्या उभ्या-आडव्या छेदांच्या चित्रांनी भरलेली वही निघाली. गोळ्यांनी भोकं पाडलेल्या कागदांचे फोटो निघाले. गेटवरचे साहेब आले. आणि परब काय करत होता? तो त्यांना समजावून सांगत होता. पीळ म्हणजे काय, ग्रेन म्हणजे काय, दारू कमी केल्यावर भोकं जवळ कशी आली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी इतकं लक्ष देऊन त्याची वही पाहत होतं.

चौकशी झाली. घरी प्लास्टिकचा पाईप सापडला. बंदूक नाही, दारू नाही, आठ दिवसांत सगळ्यांची खात्री पटली. बेड्या कोणी घातल्या नाहीत, कोणी वाकडा शब्दही बोललं नाही. पण त्याचा गेटपास परत मिळाला नाही आणि गेटपासशिवाय कंप्रेसर चालवता येत नाही. शेवटी त्याचं कंत्राट संपवलं.

मधल्या दिवसांत मलाही बोलावलं होतं, एकाच फ्लॅटमध्ये राहतो म्हणून. समोर कोरा कागद ठेवला आणि माहीत असेल ते लिहा म्हणाले. माणूस निरुपद्रवी आहे, वेडा आहे, गेटवरची थट्टा माझी होती, एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मी लिहिलं, 'आम्ही फक्त भाडं वाटून घेतो. त्याच्या उद्योगांची मला कल्पना नाही.' आणि सही केली.

विमानतळावर पोचवायला मी गेलो. परबच मला म्हणाला, "माझ्यामुळे तुका तरास झालो, नाशिककरा."

त्यानंतर सहा वर्षांनी, निवृत्त होऊन नाशिकला परतल्यावर, मी देवगडला गेलो. फोनवर त्याला म्हटलं होतं, एक सांगायचं आहे, येतो. एसटीत अख्खा रस्ताभर ते वाक्य घोकत होतो.

अंगणात बसलो. परब म्हातारा झाला होता, दुसराही कान अधू झाला होता. आतून त्याचा धाकटा भाऊ, बाळा, पाण्याचा तांब्या घेऊन आला. तांब्या डाव्या हातात, आणि खालून उजव्या हाताचा आधार. त्या हाताला अंगठा आणि करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती.

तांब्या घ्यायचं मला सुचेना.

बाळा सरबत करायला आत गेल्यावर परबाने सांगितलं. एकोणीस वर्षांचा असताना एका संध्याकाळी त्याने डुकरासाठी वडिलांची बंदूक भरली. डुक्कर आलं नाही. बंदूक तशीच भरलेली खुंटीला अडकवून तो सकाळी कॉलेजला रत्नागिरीला निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाळाने तीच बंदूक पुन्हा भरली. भारावर भार. नळी फुटली.

"सांगूक इसारलंय," परब म्हणाला. "तितक्याच."

बाळाचं राखणीचं वेड मात्र गेलं नाही. बरा झाल्यावर तो म्हणाला होता, दादा, माझ्या ह्या हातान भरता येयत अशी खयची तरी बंदूक बघ.

"ती मिळूची नाय, ह्यां माका पयल्या दिसापासून म्हायत. पण दर फोनार तो इचारी, 'निवडलंस काय रे दादा?' निवडतंय म्हटलां की खूश. संपवन कसां चलात?"

आता वडिलांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती आणि बागेला विजेच्या झटक्याचं कुंपण घातलं होतं. बाळा त्याचं बटण दाबायचा.

मग परब म्हणाला, "माझो स्वभावच निष्काळजी, नाशिककरा. एकदा भावाक सांगूक इसारलंय. आणि एकदा तो गज. नीट गुंडाळूक नाय. पिशवीतसून टोक भायर इला असतला, म्हणान त्या गेटवाल्यान अडवलां. चांगली नोकरी घालवलंय. दुसरो कोण काय करतलो?"

म्हणजे सहा वर्षं तो हे असं धरून बसला होता. एक ओझं त्याचंच होतं, ते मला उतरवता आलं नसतं. दुसरं त्याचं नव्हतं. ते एका वाक्यात उतरलं असतं, आणि ते वाक्य मी नाशिकपासून घोकत आणलं होतं.

बाळा सरबत घेऊन बाहेर आला. परबाने हाताचा पडदा कानामागे धरला. "होय रे, तू काय सांगणार होतंस?"

मी म्हणालो, "काही नाही रे. आंबा कसा आहे यंदा?"

दोघा भावांनी मला मोहोराबद्दल तासभर सांगितलं. जाताना एक पेटी बांधून दिली.

परब दोन वर्षांपूर्वी गेला. बाळाचा फोन आला होता. "दादा तुमचा नाव काढी," तो म्हणाला. "तुम्ही थय होतास म्हणान तो इतकी वर्सां टिकलो." तेव्हाही मी हूं एवढंच म्हणालो.

अंगणात सांगायचं राहिलेलं वाक्य हे. परबा, गज नीट गुंडाळलेला होता. टोक दिसत नव्हतं. तुझ्या मागे रांगेत मी होतो. ओरडलो मी.