दिवाणसरांची खडूची रेघ

दिवाणसरांच्या अ‍ॅप्रनच्या खिशात स्टेथोस्कोप एखाद्या दिवशी नसे, पण खडू हमखास असे. राउंडला आले की ते प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर रेघ ओढत. आत डॉक्टर आणि आम्ही भावी डॉक्टर. बाहेर नर्स, फिजिओथेरपीवाले आणि नातेवाईक. एकदा पलूसच्या एका पेशंटचा पाय खाटेवरून लोंबत रेघेपलीकडे गेला, तर त्यालाही आत घ्यायला लावला. "ज्यानं त्यानं आपल्या रेघेत राहावं," हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध.

ही नव्वदीतली गोष्ट. सांगलीच्या आमच्या कॉलेजात डॉक्टरकीच्या आणि नर्सिंगच्या मुलांचा एकत्र तास सुरू झाला. सर भडकले. "उद्या मेसच्या आचाऱ्याला ऑपरेशन शिकवा!" आम्ही टाळ्या वाजवल्या. चादर बदलायला शिकून आमच्यासारख्या थोरामोठ्यांचं काय भलं होणार होतं? त्या तासाला आम्ही मागच्या बाकांवर झोपा काढत असू.

तास घेत शिराळ्याच्या सावंत सिस्टर. एके दिवशी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते त्या शिकवणार होत्या. झोपायचा सराव दांडगा म्हणून पेशंट मला केलं. इतक्यात दारात दिवाणसर! आता या तासाचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण सर बाह्या दुमडत म्हणाले, "मी करून बघतो."

त्यांनी माझा दंड धरून असा हिसका दिला, की मी खाली पडायचाच बाकी होतो.

"आवं सर, पेशंट हाय त्यो, उसाची मोळी न्हाई!" सिस्टर ओरडल्या. वर्ग खो खो हसला.

सर हसले नाहीत. "घरी मी हिला असंच वळवतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पाठीला जखमा झाल्यात."

सरांच्या पत्नीच्या अंगावरून वारं गेलंय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. जन्मभर औषधं लिहून देणाऱ्या माणसाला बायकोची कूस बदलता येत नव्हती, आणि कुणाला विचारायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. मला आमच्या टाळ्यांची लाज वाटली.

"आदी खांद्याखाली हात, मग कमरंखाली. वडायचं न्हाई," सिस्टरांनी त्यांचे हात धरून दाखवलं. "आन् एकट्यानं तर न्हाईच. सांजच्याला मी येते घरी."

सरांनी मला पुन्हा वळवलं. या खेपेला कसं वळवलं ते मला कळलंसुद्धा नाही. त्यांचे हात मात्र माझ्या खांद्याखालीच राहिले.

"सिस्टर," त्यांनी विचारलं, "तिला बोलता येत नाही हो. गेले तीन महिने तिला किती दुखलं असेल?"