पुढच्या खरेदीदाराची अंघोळ

अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या हार्लन टॉलेफसन या सदुसष्ट वर्षांच्या निवृत्त इसमाचा रोजचा कार्यक्रम ठरलेला होता. सकाळी सहाला उठायचं आणि वीस मिनिटं कढत पाण्याच्या शॉवरखाली उभं राहायचं. एकतीस वर्षं खनिजाच्या गोदीवर काम करून त्याचा उजवा खांदा पार कामातून गेला होता. डॉक्टरांचे व्यायाम करून झाले, मलमं चोळून झाली. गुण आला तो फक्त कढत पाण्याने. हे पाणी ज्या न्हाणीघरात पडायचं, ते घरातलं एकमेव न्हाणीघर गुलाबी टाईल्सचं होतं आणि १९५६ साली घराबरोबरच बांधलेलं होतं.

एप्रिलमध्ये साबणदाणीमागची एक टाईल सुटली.

"चिकटवतो," हार्लन म्हणाला.

"थांब, आधी शेल्बीला विचारू," त्याची बायको मार्लिस म्हणाली. शेल्बी ही मार्लिसच्या चर्चमधल्या मैत्रिणीची भाची. घरं विकून देण्याचा तिचा धंदा होता.

"आपल्याला घर विकायचंय का?"

"नाही."

"मग?"

"कधीतरी विकलं जाईलच की. आपण काय अमरपट्टा घेऊन आलोय?"

शेल्बी आली. मयताला आल्यासारखा चेहरा करून तिने गुलाबी भिंतीकडे पाहिलं. "तुम्हाला काय आवडतं हा प्रश्नच नाही," ती म्हणाली. "पुढच्या खरेदीदाराला काय आवडेल, हा प्रश्न आहे."

"हा कोण बुवा?" हार्लनने विचारलं.

"ते अजून ठरायचंय."

"मग त्याची आवड?"

"ती ठरलेली आहे. त्याला कालातीत टाईल्स आवडतात."

झालं. हार्लनने डाव्या हाताने घण चालवून भिंत उतरवली. छप्पन्न सालच्या गवंड्याने टाईल्स अशा काही बसवल्या होत्या की चार दिवस लागले. निम्म्या तर अख्ख्याच निघाल्या. शेजारचा ऐंशी वर्षांचा तोइवो कुंपणापाशी उभा राहून बघत होता. त्याच्या परसात सॉना होती, म्हणजे लाकडं पेटवून तापवायची घाम काढायची खोली, आणि तिच्याबाहेरच्या अंग धुवायच्या कोपऱ्यात नुसतं सिमेंट होतं. "फुकट आहेत ना?" त्याने विचारलं आणि टाईल्स ढकलगाडीत भरून नेल्या.

मग दोघं टाईल्सच्या दुकानात गेले. विक्रेत्याने त्यांना एका दालनात नेलं आणि गंभीरपणे सांगितलं, "हा कालातीत विभाग."

"आणि ते कोपऱ्यात अर्ध्या किमतीत काय ठेवलंय?"

"ते मागच्या वर्षीचं कालातीत."

यंदाचं कालातीत पांढरं होतं आणि पांढऱ्याचे एक्केचाळीस प्रकार होते. दुकानाचा नियम असा, की नमुना घरी न्यायचा, भिंतीला टेकवायचा आणि तीन आठवडे त्याच्यासोबत राहायचं. मार्लिसने सहा नमुने निवडले. अठरा आठवडे नमुने न्हाणीघरात राहिले आणि हार्लन स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी पाण्याचा मग घेऊन उभा राहिला. शनिवारी तेवढी तोइवोच्या सॉनामध्ये अंघोळ व्हायची. बाकीचे सहा दिवस खांदा ठणकत असे.

मधल्या काळात मार्लिसने एक वही केली. वहीत पुढच्या खरेदीदाराची माहिती होती. वय चौतीस. चष्मा. बायको एक, कुत्रा एक. ऑगस्टपर्यंत त्याला लॅव्हेंडरच्या वासाने शिंकाही यायला लागल्या होत्या.

"हे त्याला बिलकुल चालणार नाही," जेवताना मार्लिस म्हणाली.

"काय, हे ताटातलं बटाट्याचं हॉटडिश?"

"निळसर पांढरा रे."

हार्लनने हे तोइवोला सांगितलं. "घरात तिसरा माणूस राहायला आलाय. आणि चालतं फक्त त्याचंच."

"भाडं देतो का?" तापल्या दगडांवर पाणी ओतत तोइवोने विचारलं.

"तोंडसुद्धा दाखवत नाही."

"म्हणजे माझ्या जावयाच्या वळणावर गेलाय."

ऑक्टोबरमध्ये एकदाच्या टाईल्स लागल्या. हार्लन खांद्यावर टॉवेल टाकून दारात हजर होता. तेवढ्यात शेल्बी आली, तिने सतरा फोटो काढले आणि म्हणाली, "आता मात्र वापरू नका."

"कधीपर्यंत?"

"असं बघा, वापरलं की टाईल्समधले सांधे पिवळे पडतात. सांधे पिवळे पडले की वय दिसतं. आणि कालातीत वस्तूचं वय दिसून कसं चालेल?"

हार्लनने खांद्यावरच्या टॉवेलची घडी केली. दुसऱ्या दिवशी दारावर मार्लिसच्या अक्षरात कागद लागला. विषय: न्हाणीघराच्या वापराबाबत. हात धुण्यास परवानगी आहे. ओले हात झटकण्यास मनाई आहे. साबण पांढराच असावा व वापरानंतर कोरडा करून ठेवावा. शॉवरचा वापर पुढच्या खरेदीदाराच्या आगमनापर्यंत स्थगित. हार्लनने कागद दोनदा वाचला आणि पाण्याचा मग उचलून सिंककडे वळला.

डिसेंबरात तोइवोने बातमी दिली. तो मुलीकडे अॅरिझोनाच्या वाळवंटात कायमचा चालला होता. "तिथे सॉना लागत नाही म्हणे. नुसतं अंगणात उभं राहायचं," तो म्हणाला. हार्लन हसला आणि हसता हसता खांदा चोळायला लागला. शनिवारही गेला आता.

तोइवोचं विकायला काढलेलं घर बघायला पहिल्याच आठवड्यात एक जोडपं आलं. मार्लिस खिडकीत उभी होती. तिने पडदा घट्ट धरला.

"हार्लन," ती हळूच म्हणाली, "तो आला."

साधारण चौतिशीचा. चष्मा. बायको. कुत्रा. मार्लिसने लिंबाच्या वड्यांची बशी उचलली, बर्फातून सपाता घालूनच धावत गेली आणि दोघांना कॉफीला घेऊन आली. कॉफी राहिली बाजूला, थेट न्हाणीघरात नेलं. दिवा लावला. आठ महिन्यांची मेहनत लखलखली.

त्या माणसाने आत डोकावून पाहिलं. "स्वच्छ आहे," तो म्हणाला.

"आमच्या भाड्याच्या घरात हेच आहे की," बायको म्हणाली. "आणि माझ्या दाताच्या डॉक्टरकडेही. पण तुमच्या शेजाऱ्यांच्या सॉनाबाहेरच्या त्या गुलाबी टाईल्स पाहिल्यात का तुम्ही? त्यांच्यासाठीच घर घेतोय आम्ही. त्यांना म्हणतात कालातीत."

पाहुणे गेल्यावर मार्लिस वही मांडीवर घेऊन बसली. आठ महिने हार्लनने मनात जमवून ठेवलेली सगळी टोमण्यांची पोतडी आता उघडायला हरकत नव्हती. पण तिच्याकडे बघून त्याचं मनच होईना. बिचारीला फार लागलं होतं.

"टाईल्स फोडल्या मीच ना," तो म्हणाला. "जाऊ दे."

"जाऊ दे काय?" मार्लिसने डोळे पुसले. "गुलाबी मागवते. हुबेहूब जुन्यासारख्या करून देणारे लोक आहेत. पाच आठवडे लागतात."

"आणि या पांढऱ्या?"

"त्यांचं काय घेऊन बसलास, काढायच्याच आहेत त्या."

हार्लनने सावधपणे विचारलं, "म्हणजे समजा, आता त्यांच्यावर पाणीबिणी पडलं, तर?"

"पडू दे. कोण बघतंय?"

तिने स्वतः दारावरचा कागद काढला. हार्लन कढत पाण्याखाली चाळीस मिनिटं उभा होता. खांदा सुटत गेला, तसं त्याला रडू आलं आणि तो खुशाल रडला. पाच आठवडे त्याने रोज अंघोळ केली, रंगीत साबणाने, हात झटकत. पाचव्या आठवड्यात, चर्चमध्ये कुणाला काही मागणं आहे का असं पाद्र्यांनी विचारलं, तेव्हा हार्लनने डावा हात वर केला आणि टाईल्सच्या ट्रकच्या वाटेवर बर्फ पडत राहो, अशी प्रार्थना सगळ्यांकडून म्हणवून घेतली.

हसा, वाचकहो, पोटभर हसा. फक्त हसताना हातातला तो कान तुटलेला कप जरा सांभाळा, चहा सांडेल. आणि काचेच्या कपाटातला सोनेरी काठाचा सेट ज्यांच्यासाठी ठेवलाय, ते यायला निघाले की आम्हालाही कळवा.