गणपतमामांची शिकवणी

गणपतमामांकडे सायकल होती, पण मामांना सायकलवर बसलेलं आमच्या वस्तीत कुणी पाहिलं नव्हतं. कॅरेजच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे, हँडल धरायचं आणि तिच्या शेजारून चालायचं. "मामा, बसत कावून न्हाई?" विचारलं की म्हणायचे, "दूध हिंदकळतंय." मग दुष्काळ पडला. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, तरी मामा रिकामे कॅन अडकवून चालतच. "आता काय हिंदकळतंय?"

"सवय हिंदकळती!"

मामा दूध सोसायटीत दूध मापायला होते. एकटा जीव. दुधाची डिग्री, म्हणजे दाटपणा, बघायचा काचेचा काटा कायम सदऱ्याच्या खिशात. लग्नाच्या पंगतीत बासुंदीत काटा बुडवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. अर्ध्या डिग्रीसाठी त्यांनी सख्ख्या भावाचं दूध परत पाठवलेलं. भाऊ दोन वर्षं बोलला नाही, पण मामांना त्याचं काही नाही. कुणी रडत येवो, भांडत येवो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आदी कॅनचं झाकण बघ."

मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. वस्तीवरची शाळा तिसरीपर्यंत. चौथीला पाच किलोमीटरवर उमापूरला जायचं. जूनपासून आबा पायी सोडायचे. पण दसरा झाला की आई-आबा ऊसतोडीला निघणार. मग कोण सोडणार? आबांनी सांगून टाकलं, "एकटी सायकलवर जाऊन ये. न पडता आलीस तर आजीपाशी ऱ्हा. न्हाईतर चल फडावर." उसाच्या फडावर गेलं की शाळा संपली, एवढं मला कळत होतं.

मी मामांकडे गेले. ते लगेच तयार झाले. त्यांना स्वतःला सायकल येतच नाही, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. येत नाही ते नाही, वर शिकवायचा उत्साह दांडगा!

"सायकल म्हंजे तोल," मामा म्हणाले. "दोनी बाजूला वजन सारखं, मंग पडायचा सवालच न्हाई." आणि दुधाच्या मापानं मोजून त्यांनी दोन्ही कॅनमध्ये पाच-पाच मापं वाळू भरली. मी नळीखालून पाय पलीकडे घालून कैची मारणारी एवढीशी पोर. सायकल हलेचना. हलली ती थेट बाभळीत गेली. आजी माझ्या अंगातले काटे काढता काढता मामांवर ओरडली, "आरं मुडद्या, सायकल शिकवितो का पोरगी पेरितो?"

मामा दुसऱ्या दिवसापासून रोज एकेक माप वाळू कमी करत गेले. दसऱ्याच्या तोंडावर कॅन रिकामे झाले आणि मी चक्क सायकल चालवायला लागले. पण कॅन काढले की धपकन खाली! तोल म्हणजे कॅन, हे डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटी आबांच्या परीक्षेला मी कॅनसकटच निघाले. खडखडाट असा, की आजी उंबऱ्यात बसून आवाजावरच माझा माग काढत होती.

जाताना सगळं ठीक झालं. येताना ओढ्याच्या उतारावर मी पडले. गुडघा फुटला. डोळ्यांत पाणी आलं ते गुडघ्यासाठी नव्हे. आता फडावर जावं लागणार म्हणून. तेवढ्यात मागून मामा धापा टाकत आले, चपला हातात. पाचही किलोमीटर लपत लपत मागोमाग आले होते, आणि परतही. म्हणाले काय? "झाकण कुठं गेलं बघ!" मला असा राग आला! त्या रागातच उठले, झाकण शोधलं आणि कैची मारून घर गाठलं.

आबांनी गुडघा बघितला. "पडलीस न्हवं?"

मी काही बोलायच्या आत मागून मामांचा आवाज आला. "पडली न्हाई. उतरली. मी सोता बघितलं."

अर्ध्या डिग्रीसाठी भाऊ तोडणारा माणूस सरळ सरळ खोटं बोलत होता. आबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या हातातल्या चपलांकडे, आणि हसून म्हणाले, "बरं. ऱ्हा मंग."

चार दिवसांनी आई-आबांना घेऊन ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर गेला. मला हवं ते मिळालं होतं, तरी आई दिसेनाशी झाल्यावर मी हमसून हमसून रडले. सोसायटीच्या पायरीवर मामा शेजारी येऊन बसले.

"सायकल तुझ्यापाशीच ठिव," ते म्हणाले. "मी गेलतो आईबापासंगं फडावर, तुझ्याएवढा आसताना. म्हागारी आलो तवा माज्या संगतीची पोरं लई म्होरं गेलती. लाज वाटली. पुन्ना शाळेत गेलोच न्हाई."

मी रडायची थांबले. मामांनी हळूच माझ्या दप्तराकडे बोट केलं.

"रोज सांजच्याला ईत जा. काय शिकवलं ते मला सांग. तिसरीच्या म्होरं काय आसतंय, मला म्हाईत न्हाई."