काढून टाकलेल्या प्रथिनाची पट्टी

विज्ञान पुराव्यावर उभे असते, आणि पुरावा कोणाच्या तरी हातावर. त्या संस्थेत तो हात पट्टीताईंचा होता.

पट्टीताई म्हणजे पेशीविभाजन विभागाच्या वरिष्ठ तंत्रज्ञ. पेशींचा रस काढायचा, तो जेलच्या पातळ वडीतून विजेच्या जोरावर पळवायचा, पांढऱ्या पडद्यावर उतरवायचा आणि वर अँटिबॉडी सोडायची. हवे ते प्रथिन जिथे असेल तिथे ती चिकटते आणि फोटोत काळी पट्टी उमटते. इतरांच्या पट्ट्या तिरक्या, फिकट किंवा चहा सांडल्यासारख्या येत. ताईंच्या पट्ट्या काजळाच्या रेघेसारख्या.

विभागाचे प्रथिन एकच होते. पेशी दुभंगण्याआधी ते वाढते, दुभंगली की ओसरते. थकलेल्या पेशींत मात्र ते ओसरायचे नावच घेत नाही, हा सरांचा शोध. (सर म्हणजे विभागप्रमुख. त्यांना नाव होते, पण ते फक्त निबंधांवर वापरले जाई.) या शोधावर अकरा वर्षांत एक्केचाळीस निबंध निघाले होते. हे सगळे ज्या अँटिबॉडीच्या भरवशावर चालले होते ती मोनोक्लोनल होती: एका उंदराच्या एका पेशीची प्रजा, सगळी एकाच साच्यातली, जगात एकाच गोष्टीला ओळखणारी. (उंदराला याची कल्पना देण्यात आली नव्हती, नियमांत तशी तरतूद नाही.) ती एक गोष्ट कोणती, हे बाटलीवर छापलेले होते. छापलेले असल्यामुळे विचारण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

घोटाळा केला तो डॉक्टरेटवालीने. ही मुलगी सहाव्या वर्षात होती, म्हणजे हुशारी संपून चिकाटी सुरू झाली होती. तिने पेशींमधून त्या प्रथिनाचे जनुकच कापून काढले. कापले गेल्याची तीनदा खात्री केली. आता जनुक नाही म्हणजे प्रथिन नाही, आणि प्रथिन नाही म्हणजे पट्टी नाही. पण पट्टी आली. चांगली गुबगुबीत आली. सहा वेळा आली.

"तुझा हात वाईट आहे," सर म्हणाले. "पट्टी जाईपर्यंत प्रबंधावर माझी सही होणार नाही."

मुलगी ताईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रडत नव्हती, नुसतीच नाक ओढत होती.

"ताई, तुम्ही एकदा करून बघाल? तुमच्या हाताला सर काही म्हणणार नाहीत."

ताईंनी केले. काजळाची रेघ उमटली. आयुष्यात पहिल्यांदाच ताईंना सुंदर आलेल्या पट्टीचा राग आला. एक्केचाळीस निबंधांतले सगळे फोटो त्यांच्या हातचे होते. त्यांनी पडदा धुऊन पुन्हा पाहिला, जणू रेघ लाजून जाईल. ती गेली नाही.

ताईंचे यजमान सरकारी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जेवताना ताईंनी त्यांना सगळे सांगितले.

"आम्ही दुकानात गेलो की काट्यावर आधी काहीच ठेवत नाही," ते म्हणाले. "रिकाम्या काट्यावर आकडा आला, तर पुढचं बघायचंच नाही. तुमच्याकडे अकरा वर्षांत रिकामा काटा कुणी बघितलाच नाही?"

"अहो, आमचा काटा उंदराचा आहे."

"मग तर आधी बघायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी ताई सरांकडे गेल्या. ही अँटिबॉडी दुसऱ्याच कुठल्या तरी प्रथिनाला चिकटते, त्याचे वजन योगायोगाने तेवढेच आहे म्हणून पट्टी त्याच जागी उमटते, असे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. सरांनी शांतपणे ऐकले, चष्मा पुसला आणि समिती नेमली. समितीत पाच सदस्य होते. पैकी चौघांचे निबंध याच बाटलीवर होते (पाचवे भूगर्भशास्त्राचे होते, निःपक्षपातीपणासाठी घेतलेले). समितीने ठरवले की ताईंनी सर्वांसमोर ताजी पट्टी काढून दाखवावी.

ताईंनी जेलचे नऊ रकाने पेशींच्या रसाने भरले. पडदा तयार झाला, फोटो भिंतीवर झळकला. पट्ट्या लहानापासून मोठ्या होत गेल्या आणि पुन्हा लहान झाल्या. सरांच्या चेहऱ्यावर तेज आले. काठी घेऊन ते उठले.

"ही पहा, विभाजनापूर्वीची वाढ. हा कळस. आणि हा अलगद उतार. यातलं काव्य लक्षात घ्या!" ते बारा मिनिटे बोलले. भूगर्भवाल्यांनीसुद्धा मान डोलावली.

"सर," ताई म्हणाल्या, "नऊच्या नऊ रकान्यांत हिने जनुक काढलेल्याच पेशी आहेत. मी कुठे रस जास्त घातला, कुठे कमी."

डॉक्टरेटवाली छताकडे पाहत होती. ताईंनी हात ॲप्रनच्या खिशात घातले. समितीच्या अध्यक्षांनी फोटोकडे बोट केले.

"म्हणजे जनुक नसतानाही हे प्रथिन तयार होतं?"

"प्रथिन तयार होत नाही साहेब. अँटिबॉडी चुकीची आहे."

"एक्केचाळीस निबंध म्हणतात, बरोबर आहे. तुम्ही एकट्या म्हणता, चूक आहे. बहुमत तुम्हीच मोजा."

अहवाल तीन आठवड्यांत आला. निष्कर्ष असे: सदर प्रथिन पेशीला इतके आवश्यक आहे की जनुक काढले तरी ते सवयीने हजर राहते, जनुक काढलेल्या पेशींना इमारतीत प्रवेश नाही, ताईंना पट्टीतील सातत्याबद्दल प्रशस्तिपत्र देऊन काचसामान धुण्याच्या विभागात सन्मानाने हलवण्यात येत आहे. बेचाळिसावा निबंध याच नऊ रकान्यांवर निघाला. त्याला पारितोषिक मिळाले.

डॉक्टरेटवालीला सरांनी नवा विषय देऊ केला: सवयीने हजर राहणारी प्रथिने. तिने राजीनामा लिहिला. ती निघताना ताईंनी तिच्या पिशवीत एक जाड पाकीट सरकवले. सगळे मूळ फोटो, तारखेसकट, प्रत्येकामागे कोणत्या रकान्यात काय घातले ते ताईंच्या अक्षरात.

"ताई, यावरून तुमची नोकरी जाईल."

"आता काय, बाटल्या धुण्यापासून काढून टाकतील? बघ, निदान बाटली धुतली की स्वच्छ होते."

मुलीने दुसऱ्या शहरात, दुसऱ्या अँटिबॉडीने, रिकाम्या पेशींपासून सुरुवात केली. तिथे पट्टी आली नाही. दोन वर्षे न येणाऱ्या पट्टीवर काम करून ती डॉक्टर झाली. तिचा निबंध आतापर्यंत चौदा जणांनी वाचला आहे (पैकी एक वजनमापे निरीक्षक, शब्दकोश घेऊन). बेचाळिसावा वाचणाऱ्यांची मोजदाद संस्थेने थांबवली आहे. ताई बाटल्या धुतात, आणि प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहतात.

सरांना हसण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. मात्र मागच्या खेपेला दवाखान्यात रक्तदाबाचा पहिला आकडा पाहून आपण म्हणालात, "आत्ताच जिना चढून आलोय, पुन्हा घ्या." दुसरा आकडा आवडला. मग तिसऱ्यांदा घ्या असे आपण म्हणाला नाहीत, बाही खाली केलीत, आणि घरी येऊन सांगितलेत की यंत्र चांगले आहे.